दीर्घकाळ टिकणारी लिपस्टिक आणि फाउंडेशन: फॉर्म्युला करताना या चुका टाळा

लिक्विड मॅट लिपस्टिकचा नवा नमुना मनगटावर ओढला, दोन मिनिटांत सुकला, बोटाने घासलं तरी रंग हलला नाही. इथे बरेच जण सुटकेचा श्वास सोडतात. तोच नमुना ओठांवर लावून तासभर बोला, पाणी प्या, एक जेवण करा. मग आरशात बघितलं तर मधला रंग पापुद्रे होऊन गेलेला असतो आणि बाहेरच्या कडेला तेवढी रंगाची चौकट उरलेली असते.

पहिला दोष चाचणीच्या जागेचा आहे. मनगटाची त्वचा ओठांपेक्षा जाड असते आणि शांत असते. ओठ दिवसभर ताणले जातात, दुमडले जातात, आतून लाळेने भिजतात. त्यांचा वरचा थर पातळ असतो आणि त्यातून पाणी लवकर उडतं. म्हणून ओठांसाठीच्या फॉर्म्युलाचा निकाल ओठांवरच लावायचा, आणि तोही एकाच्या नाही, सात-आठ जणांच्या.

उडून जाणारं वजा करून बघत नाही

माझ्या मते सगळ्या चुकांची आई हीच. न पुसली जाणारी लिपस्टिक म्हणजे साधारण अशी रचना: उडून जाणारा द्रव, त्यात विरघळलेलं फिल्म बनवणारं रेझिन, त्याला लवचीकपणा देणारा सिलिकोन गम, रंग आणि थोडं तेल किंवा एस्टर (तेलासारखा न उडणारा द्रव). द्रव उडाला की मागे राहते ती फिल्म, आणि ग्राहक दिवसभर वापरतो ती फिल्मच. आपण मात्र टक्केवारी बघतो ती बीकरमधली.

एक उदाहरण मांडून बघू. आयसोडोडेकेन (उडून जाणारा द्रव) 48, ट्रायमिथाइलसिलॉक्सीसिलिकेट रेझिन 24, गम 8, पिगमेंट 12, क्ले 4, एस्टर 4. एकूण 100. आयसोडोडेकेन उडालं की उरले 52 भाग. त्या 52 मध्ये रेझिन सुमारे 46 टक्के, गम 15, पिगमेंट 23, क्ले आणि एस्टर प्रत्येकी जेमतेम 8. आता कुणी म्हणालं, ‘ओठ कोरडे वाटतात, अजून 4 टक्के एस्टर घाला,’ आणि तेवढं आयसोडोडेकेन कमी केलं. कागदावर बदल किरकोळ दिसतो. सुकलेल्या फिल्ममध्ये एस्टर 8 वरून 14 टक्क्यांवर गेलं. फिल्म मऊ पडते, चिकट होते, पेल्याच्या कडेवर ठसा उमटू लागतो. मग घाबरून रेझिन वाढवलं जातं आणि फिल्म तडकायला लागते. या चक्रात आठवडे जातात. त्यामुळे प्रत्येक बदलासाठी वहीत दोन रकाने ठेवा, एक ओल्या फॉर्म्युलाचा आणि एक सुकलेल्या फिल्मचा.

इथेच आणखी एक खाच आहे. गम बहुतेक वेळा पातळ करून मिळतो. मालाच्या कागदावर घन भाग 15 टक्के असेल आणि तुम्ही 8 भाग घातले असतील, तर खरा गम 1.2 भागच पडला. रेझिनही कधी शुद्ध पावडर म्हणून येतं, कधी आधीच आयसोडोडेकेनमध्ये विरघळवलेलं. पुरवठादार बदलला, नाव तेच राहिलं, आणि लवचीक असलेली फिल्म एकाएकी काचेसारखी ठिसूळ झाली, तर सगळ्यात आधी घन भागाचा आकडा तपासा. हे रेझिन एकटं वापरलं तर ठिसूळच असतं. त्याला वळायला शिकवतो तो गम, म्हणून पापुद्रे पडत असतील तर आधी या दोघांचं प्रमाण बघायचं, रंगाच्या नादी नंतर लागायचं.

बीकर उघडं ठेवून गरम करणं

आमच्या एका बॅचची गोष्ट. 200 ग्रॅमची छोटी बॅच, मेण वितळेपर्यंत उघड्या बीकरमध्ये ढवळत ठेवली. शेवटी वजन केलं तर 183 ग्रॅम. गेलेले 17 ग्रॅम जवळजवळ सगळे आयसोडोडेकेनचे. नमुना दाट झाला, ब्रश ओढताना रेघा दिसू लागल्या, आणि आम्ही दोन दिवस पिगमेंटला दोष देत बसलो. तेव्हापासून रिकाम्या भांड्याचं वजन आधी लिहून ठेवायचं, वर झाकण ठेवायचं, मेण आणि गम वेगळे गरम करून उडणारा द्रव शक्य तितका शेवटी घालायचा, आणि अखेरीस वजन करून तूट भरून काढायची, असा नियमच केला.

यात सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. आयसोडोडेकेनची वाफ साधारण 45 अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते. मेण वितळवण्याचं तापमान याहून कितीतरी वर असतं. कार्नौबा मेणाला 80 च्या पुढे जावं लागतं. उघडी ज्योत जवळ नको, वाफ बाहेर काढणारी हवेची सोय हवी. यात तडजोड नाही.

रंग एरंडेलात घोटून सिलिकोनमध्ये टाकणं

पारंपरिक लिपस्टिक शिकून आलेल्यांकडून ही चूक फार होते. पिगमेंट एरंडेल तेलात तीन रोलरच्या मिलवर घोटून पेस्ट करायची ही जुनी आणि चांगली रीत. पण एरंडेल तेल सिलिकोन आणि आयसोडोडेकेनशी नीट मिसळत नाही. मिक्सरच्या जोराने तेवढ्यापुरतं एक झाल्यासारखं दिसतं, आठवड्याने ट्यूबमध्ये रंगाचे ढग तरंगू लागतात. पेस्ट ज्या माध्यमात जाणार, त्याच्याशी जुळणाऱ्या द्रवातच घोटा: आयसोडोडेकेन, किंवा त्याच्याशी एकजीव होणारं हलकं एस्टर. आणि पिगमेंट सिलेनने (सिलिकॉनचं एक संयुग) लेप दिलेलं घ्या. लेप नसलेले कण एकमेकांना चिकटून गोळे होतात.

गोळे झालेत का हे ओळखायची सोपी युक्ती आहे. नमुना कागदावर सारखा ओढा आणि ओला असतानाच एका कोपऱ्यात बोटाने हलकं घोळवा. घोळवलेल्या जागेची शेड बाजूच्यापेक्षा वेगळी दिसली, तर कण नीट सुटलेले नाहीत, कारण बोटाच्या दाबाने ते आत्ता सुटले. फाउंडेशनच्या शेडसाठी तर ही चाचणी रोजची असावी. त्यात पांढरं, पिवळं, लाल, काळं असे चार रंग एकत्र नांदवायचे असतात.

डाग आणि फिल्म यांची गल्लत

ओठांवर रंग टिकवायच्या दोन वाटा आहेत. एकीत रंगद्रव्य त्वचेत मुरून डाग सोडतं, दुसरीत रंग फिल्ममध्ये अडकून बसतो. अमेरिकेत हेझल बिशप या रसायनतज्ज्ञ बाईंनी 1950 च्या सुमारास न पुसली जाणारी लिपस्टिक बाजारात आणली, ती डाग सोडणाऱ्या रंगांवर उभी होती. आजच्या बहुतेक मॅट लिपस्टिक फिल्मवर चालतात. कमजोर फिल्म झाकण्यासाठी त्यात डाग सोडणारा रंग घातला, की फिल्म निघून गेल्यावर कुठल्याही शेडच्या खाली तोच गुलाबी डाग उरतो. तपकिरी लिपस्टिक संध्याकाळी गुलाबी होते आणि ग्राहक रास्तपणे तक्रार करतो. इओसिनसारख्या डाग सोडणाऱ्या रंगांमुळे काहींच्या ओठांना उन्हात दाह होतो हेही जुनं ज्ञान आहे. दोन वाटा एकत्र आणायच्याच असतील तर डागाचा रंग शेडशी जुळवून घ्या.

सुगंध आणि मेंथॉलचा हात आखडता ठेवा. ही तेलात विरघळणारी द्रव्यं आहेत, फिल्म मऊ करतात, आणि आठ तास ओठांना चिकटून राहिलेल्या थरात थोडीशी चुणचुणही असह्य होते.

फाउंडेशन: घाम दिसतो, सीबम दिसत नाही

त्वचेवर दुखणं वेगळं असतं. लोक पाण्याखाली हात धरून ‘वॉटरप्रूफ’ म्हणतात. पण फाउंडेशनला आतून कुरतडतं ते सीबम, म्हणजे त्वचेतून पाझरणारं तेल: ट्रायग्लिसराइड, मेणासारखे एस्टर, स्क्वालिन. ही तेलकट द्रव्यं फिल्ममध्ये शिरतात आणि तिला विरघळवल्यासारखं मऊ करतात. प्रयोगशाळेत ओलेइक आम्ल, ट्रायग्लिसराइड आणि स्क्वालिन यांचं मिश्रण करून त्याचा एक थेंब सुकलेल्या फिल्मवर ठेवा, अर्ध्या तासाने कापसाने हलकं पुसा. पाण्याच्या चाचणीत पास झालेले नमुने इथे गळतात. अशा वेळी सिलिकोन अॅक्रिलेट जातीचे फिल्म बनवणारे घटक जास्त उपयोगी पडतात.

दुपारी शेड गडद होते, त्याला सरसकट ‘ऑक्सिडाइज झालं’ म्हणतात. मला हे निदान फार घातक वाटतं, कारण त्यामुळे लोक अँटिऑक्सिडंट वाढवत बसतात. लाल आणि पिवळे आयर्न ऑक्साइड आधीच ऑक्सिडाइज झालेले असतात, त्यांचं अजून काय होणार? मुख्यतः घडतं ते असं. सुकलेल्या फिल्ममध्ये कणांभोवती थोडी हवा असते, तिच्यामुळे प्रकाश जास्त विखुरतो आणि रंग उजळ दिसतो. सीबम त्या पोकळ्या भरतं, विखुरणं कमी होतं, रंग खोल दिसतो. ओला कपडा गडद दिसतो तसंच. उपाय म्हणजे लेप दिलेले कण, तेल शोषणाऱ्या सिलिकाचं मोजकं प्रमाण, आणि शेड ठरवताना ताज्या नमुन्यासोबत सीबम लावलेला नमुनाही बघणं.

सनस्क्रीनचे ऑक्टिनॉक्सेट, ऑक्टिसॅलेट हे घटक तेलकट आणि न उडणारे. 7 टक्के घातले की वर केलेलंच गणित पुन्हा करा, फिल्ममध्ये ते किती भरतात ते दिसेल. एसपीएफ वाढवला आणि टिकाऊपणा पडला, ही तक्रार बहुधा इथूनच येते.

फाउंडेशन सिलिकोनमध्ये पाणी असलेलं इमल्शन (पाण्याचे बारीक थेंब पसरलेलं मिश्रण) असेल आणि ते फुटत असेल तर दोन गोष्टी आधी तपासा. पाण्याच्या भागात अर्धा ते एक टक्का मीठ किंवा मॅग्नेशियम सल्फेट आहे का, आणि पाणी बारीक धारेने गेलं की एकदम ओतलं? सुरुवातीचं एक तृतीयांश पाणी संथ गेलं पाहिजे. नंतर वेग वाढवला तरी चालतो.

डबीचा विचार शेवटी

उत्तम फॉर्म्युला सैल झाकणाच्या डबीत महिन्यात सुकतो. भरलेल्या डब्या 40 ते 45 अंशांवर ठेवा आणि दर आठवड्याला वजन करा. वजन घटत असेल तर फॉर्म्युलाला हात लावू नका, झाकण आणि वायपर (ब्रशवरचा जादा माल पुसणारी डबीच्या तोंडातली रिंग) बदला. एलडीपीईसारखं प्लास्टिक आयसोडोडेकेन शोषून फुगतं, ते टाळाच.

कच्चा माल निवडताना विक्रीच्या देशाचे नियमही पहिल्या दिवशी बघा. अमेरिकेत अल्ट्रामरीन आणि क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा रंग ओठांच्या उत्पादनांत चालत नाही. युरोपात सायक्लोपेंटासिलॉक्सेन हे उडून जाणारं सिलिकोन त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांतही 6 जून 2027 नंतर 0.1 टक्क्याच्या वर चालणार नाही, म्हणून आज नवा फॉर्म्युला त्याच्यावर उभा करण्यात अर्थ नाही.

वापरायची आणि काढायची रीत न तपासणं

पहिला थर सुकायच्या आत दुसरा दिला तर त्यातलं आयसोडोडेकेन खालची फिल्म पुन्हा विरघळवतं आणि गोळे होतात. पापुद्र्यांच्या कितीतरी तक्रारी फॉर्म्युलाच्या नसून याच्या असतात. डबीवर ‘एक पातळ थर द्या, पूर्ण सुकू द्या’ हे मोठ्या अक्षरांत लिहा.

पुसण्याची चाचणी एकसारखी ठेवा: लावून दहा मिनिटांनी पांढरा टिश्यू, त्यावर 500 ग्रॅमचं वजन, दहा सेकंद. जेवणानंतर पुन्हा तेच. आणि रात्रीची चाचणी विसरू नका. तेलात भिजवलेला कापूस ओठांवर अर्धा मिनिट धरून ठेवल्यावर फिल्म दोन-तीन हलक्या पुसण्यांत निघाली पाहिजे. ओठ खरवडावे लागत असतील, तर रेझिनचं प्रमाण खाली आणून पुन्हा सुकलेल्या फिल्मच्या रकान्यापासून सुरुवात करा.