कॅरव्हॅनमध्ये काय न्यावे, काय घरी ठेवावे

साताऱ्याहून वाईमार्गे महाबळेश्वरला कॅरव्हॅन नेणार असाल, तर यादी करण्यापूर्वी गाडीच्या कागदपत्रांतील वजनाची मर्यादा अवश्य पाहावी, कारण पसरणीचा घाट चढताना इंजिनावर आणि उतरताना ब्रेकवर येणारा ताण सामानाच्या भारानुसार वाढत जातो.

सर्वाधिक भार पाण्याचा होतो. 1 लिटर पाण्याचे वजन 1 किलो, म्हणजे 100 लिटरची टाकी भरली की एक क्विंटल ओझे वाढलेच. मुक्कामी पाणी मिळेल का, हे फोनवर विचारून खात्री करावी आणि मिळणार असल्यास वाटेत पिण्यापुरतेच घ्यावे.

स्वयंपाकाला एक कुकर, एक कढई आणि तवा पुरेसा आहे. घरचा गोल मसाल्याचा डबा मात्र मुळीच नेऊ नये. घाटाच्या वळणांवर झाकण सैल होऊन हळद मोहरीत आणि तिखट जिऱ्यात मिसळते, म्हणून फिरकीच्या झाकणाच्या छोट्या बरण्या भराव्यात. पीठ, डाळी आणि तेल खाली, शक्यतो चाकांच्या आसाजवळ ठेवावे. वरच्या कपाटांत केवळ कपडे आणि चादरी असाव्यात. सिलिंडर उभा, पट्ट्याने बांधलेला हवा आणि प्रवासात त्याचा रेग्युलेटर बंद हवा.

पावसाळ्यात महाबळेश्वरला कपडे लवकर वाळत नाहीत. तेव्हा जाड सुती कपड्यांऐवजी चटकन वाळणारे कपडे, दोरी, चिमटे आणि चिखलाच्या चपलांसाठी एक घमेले घ्यावे.