बाटली आणलीत तरी लावणीचा पहिला हप्ता चिखलातच द्या

पुनर्वसू लागला की लावणीची घाई होते आणि त्याच आठवड्यात खताच्या दुकानात नॅनो युरियाच्या, म्हणजे पानावर फवारायच्या पातळ नत्रखताच्या बाटल्या पुढे सरकतात. बाटली घ्यायची की नाही ते नंतर बघू. आधी एवढं ऐका: बाटली घेतली म्हणून लावणीच्या वेळचं खत चुकवू नका.

दर श्रावणात संगमेश्वर-लांज्याकडे पिवळी पडलेली खाचरं दिसतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, "खत दिलंय ना, बाटली मारली." फुटवे धरायच्या दिवसांत मुळाशी नत्र नव्हतं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. मग घाबरून एकदम युरिया ओततात. भात हिरवं होतं, पण न धरलेले फुटवे काही परत येत नाहीत. वर त्या माजलेल्या हिरव्या पात्यावर करपा आणि निळे भुंगेरे बसतात ते वेगळंच.

हिशेब गुंठ्यात करू, कारण आपली शेती गुंठ्यातच आहे. भाताची शिफारस हेक्टरी 100:50:50 किलो (नत्र:स्फुरद:पालाश), म्हणजे गुंठ्याला 1 किलो नत्र. 2021 मध्ये आलेल्या नॅनो युरियाच्या अर्धा लिटर बाटलीत 4 टक्के नत्र होतं, म्हणजे सगळं मिळून 20 ग्रॅम. आताच्या 20 टक्केवाल्या बाटलीत 100 ग्रॅम. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत पावणेएकवीस किलो असतं. कंपनीचं म्हणणं असं की कण 20 ते 50 नॅनोमीटरचे, पानाच्या छिद्रांतून थेट आत जातात, वाया जात नाहीत. वाया काहीच गेलं नाही असं धरलं तरी एक क्विंटल भात पिकवायला रोप दीड-दोन किलो नत्र उचलतं. बाटलीतल्या 100 ग्रॅमने ते कुठून पुरणार? पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या चाचण्यांत, युरिया कमी करून नॅनो युरिया फवारला तिथे भात आणि गहू दोन्हींचं उत्पादन घटलं, दाण्यातलं नत्रही घटलं.

आणि हे बघा, बाटलीबरोबरच्या सूचनाही माझ्याच बाजूने बोलतात. पहिली फवारणी फुटव्यांच्या वेळी, लावणीनंतर वीस-पंचवीस दिवसांनी. सुरुवातीचं डीएपी किंवा मिश्रखत कमी करायचं नाही. फवारल्यावर 12 तासांत पाऊस आला तर पुन्हा फवारायचं. नुकत्या लावलेल्या तरव्याला (रोपाला) पान असतं किती? फवारा पडणार पाण्यावर. आणि पुष्य नक्षत्रात कोकणात सलग 12 तास कोरडे कधी मिळणार?

पहिल्या हप्त्याला आपल्याकडचा उत्तम मार्ग म्हणजे चारसूत्री भातलागवडीतली युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली खताची गोळी. लावणी 25-15 सेंटिमीटर आलटून-पालटून करायची. त्याच दिवशी चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या) मधोमध 2.7 ग्रॅमची एक गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची. गुंठ्याला 625 गोळ्या, म्हणजे 1.7 किलो. चिखलात खोल गेलेली गोळी मुसळधार पावसातही वाहत नाही. चिखलणीत गुंठ्याला 30 किलो गिरिपुष्पाचा पाला गाडलात तर फारच चांगलं.

गोळ्या नाही मिळाल्या तर गुंठ्याला असं:
लावणीच्या वेळी: युरिया 870 ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट 3 किलो 100 ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश 830 ग्रॅम.
फुटव्यांच्या वेळी: युरिया 870 ग्रॅम.
फुलोऱ्याआधी: युरिया 435 ग्रॅम.

लावणी होऊन गेली आणि पहिला हप्ता राहिलाच असेल तर बाटली शोधत बसू नका. उघडीप बघून खाचरातलं पाणी कमी करा, बांधाचं तोंड बंद करा, राहिलेलं खत द्या आणि दोन दिवस पाणी अडवून धरा. माझा अंदाज असा की वरच्या खाचरातून येणारं पाणी गढूळ असेपर्यंत खत टाकूच नये, ते खालच्या माणसाच्या शेतात जातं.

फवारणीला जागा आहे, पण शेवटच्या हप्त्याला. पाणी या कुणग्यातून (खाचरातून) त्या कुणग्यात धावत असतं आणि टाकलेला युरिया टिकत नाही, तेव्हा पानावरून दिलेलं कामी येतं. मात्र तिथेही साधा युरिया स्वस्त पडतो. दोन टक्के द्रावण म्हणजे लिटरला 20 ग्रॅम, 16 लिटरच्या पंपाला 320 ग्रॅम. निंबोळी लेपाचा थर असतो म्हणून फडक्यातून गाळून घ्या. एकरी 200 लिटर पाण्याला 4 किलो युरिया लागतो, खर्च सुमारे 24 रुपये, आणि त्यातून 1 किलो 840 ग्रॅम नत्र जातं. बाटलीला सव्वादोनशे रुपये मोजावे लागतात. तरीही बाटलीच वापरायची असेल तर लिटरला 2 ते 4 मिली, पानावरचं दव सुकल्यावर, वारा पडलेला असताना. चतुर खाली घिरट्या घालत असतील त्या दुपारी पाऊस येणार असं धरून मी पंप काढत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून मंगळवारी आणि शुक्रवारी येणारी हवामान पत्रिका मात्र जरूर बघा.

आता धोक्याचं. नॅनो युरियात मला भीती उपासमारीची वाटते, कणांची तेवढी नाही. युरिया शेवटी विरघळून जातो. चांदी, जस्त, तांबं यांचे नॅनो कण वेगळे. धातू कुजत नाही. नॅनो चांदी जिवाणू मारते, आणि चांगला-वाईट जिवाणू तिला कळत नाही. भातानंतर त्याच ओलीवर आपण वाल, कुळीथ, चवळी घेतो; त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले, नत्र देणारे जिवाणू मेले तर काय घेणार? पंप वहाळात धुतलात तर ते पाणी वाशिष्ठीतून, शास्त्रीतून खाडीला जातं. तिसऱ्या (शिंपले) आणि कालवं पाणी गाळूनच जगतात, त्यांच्या अंगात हे कण साठतात. पंप शेतातच धुवा, धुतलेलं पाणी बांधावर ओता. फवारताना तोंडाला मास्क हवाच, आणि कोरडी नॅनो भुकटी वाऱ्यावर उघडू नका.

खाण्याच्या बाबतीतही जग सावध होतंय. मिठाईला पांढरेपणा आणणारा टायटॅनियम डायऑक्साइड युरोपीय संघाने 2022 मध्ये खाद्यपदार्थांतून बाद केला. त्यात नॅनो आकाराचे कणही असतात. आपल्याकडे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2020 मध्ये शेतीतल्या आणि खाण्यातल्या नॅनो उत्पादनांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. म्हणून लेबलावर घटक, टक्केवारी, बॅच आणि तारीख नसलेली 'नॅनो' बाटली हातात धरू नका.

सुपारीवाल्यांसाठीही तेच. कोळे रोगाला (फळं कुजून गळण्याला) नॅनो तांब्याची महागडी बाटली कशाला? एक टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. ताजं करा आणि पहिल्या फवारणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप साधून दुसरी घ्या.

बाकीची कामं:
खेकड्यांची बिळं बुजवणे.
चुडाला दोन-तीनच रोपं.
खाचरात अडीच ते पाच सेंटिमीटर पाणी.
दुसऱ्या हप्त्याआधी बेणणी (तण काढणे).
आंबा-काजूच्या बुंध्याशी पाणी तुंबू न देणे, बांडगुळं काढणे.
माडाच्या शेंड्यात गेंड्या भुंगा बघणे.

युरियाच्या गोणीबरोबर बाटली घ्यावीच लागेल असं दुकानदार म्हणाला तर ते लिंकिंग आहे आणि ते बेकायदा आहे. गोणीची छापील किंमत 266 रुपये 50 पैसे. पक्कं बिल मागा. देत नसेल तर पंचायत समितीच्या किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.