शिकागोत नवीन आलात? मग ऑक्टोबरमध्ये बेसबॉल बघाच

शिकागोत घर कुठे घ्यावं, डेव्हॉन अव्हेन्यूवर किराणा कुठे मिळतो, गाडीचं लायसन्स कसं काढावं, हे तुम्हाला मंडळातले दहा जण सांगतील. मी बेसबॉलबद्दल लिहितोय. आपली नवीन मंडळी नेमकं तेच बाजूला ठेवतात, आणि मग वर्षानुवर्षं शेजाऱ्यांशी त्यांचं बोलणं हवापाण्याच्या पुढे सरकत नाही.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. हे शहर दोन संघांत वाटलेलं आहे. उत्तरेकडे कब्स, दक्षिणेकडे व्हाइट सॉक्स. व्हाइट सॉक्सनी २००५ मध्ये ८८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाअखेरची अजिंक्यपदाची लढत, जिंकली, आणि त्या विजयाची म्हणावी तशी दखल कुणी घेतली नाही, हे दुःख दक्षिणेकडच्या लोकांना आहे. ते रास्तही आहे. त्यामुळे समोरचा कुठला, हे विचारल्याशिवाय कब्सचं कौतुक सुरू करू नका.

आता २०१६ बद्दल. त्या सिरीजचा विषय इथे कधी ना कधी निघतोच, तेव्हा ती नीट माहीत हवी. कब्स शेवटचे जिंकले होते १९०८ मध्ये. समोर क्लीव्हलंड, ते शेवटचे जिंकलेले १९४८ मध्ये. दोघांची मिळून १७६ वर्षांची वाट. कब्सच्या बाबतीत एका शापाची गोष्ट सांगतात: १९४५ च्या सिरीजमध्ये विल्यम सियानिस नावाचा खानावळवाला आपला बोकड घेऊन कब्सच्या मैदानावर, रिगली फील्डवर आला, बोकडाला बाहेर काढलं, आणि त्याने संघाला शाप दिला. शाप कुणी मानो न मानो, त्यानंतर ७१ वर्षं कब्स वर्ल्ड सिरीजपर्यंतही पोचले नाहीत. २००३ मध्ये तिथे पोचायला फक्त पाच आउट बाकी होते. तेव्हा एका प्रेक्षकाचा हात चेंडूला लागला, पुढे त्याच इनिंगमध्ये प्रतिस्पर्ध्यांनी आठ रन काढले, आणि लोकांनी त्या बिचाऱ्याचं जगणं मुश्कील केलं. २०१६ नंतर संघाने त्याला विजेत्यांची अंगठी दिली. त्याच्यावर विनोद करणारे अजून भेटतील. तुम्ही त्यात सामील होऊ नका.

ती सिरीज ऐन दिवाळीत आली होती. नरक चतुर्दशीला कब्स चौथी मॅच हरले, ३-१ असे मागे पडले. आणखी एक हार, की संपलं. ३० ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन आणि पाचवी मॅच एकाच संध्याकाळी. आमच्याकडे आरती झाली, फराळाची ताटं घेऊन सगळे टीव्हीसमोर बसले, आणि शेजारचे आजोबा आमच्याकडे आले, कारण त्यांना एकट्याने बघवत नव्हतं. कब्स ३-२ ने जिंकले. रिगलीवर वर्ल्ड सिरीजची मॅच १९४५ नंतर पहिल्यांदाच जिंकली होती. आजोबांनी हातातली करंजी तशीच धरून ठेवली होती. भाऊबीजेला क्लीव्हलंडमध्ये कब्स ९-३ ने जिंकले, बरोबरी झाली.

२ नोव्हेंबरची सातवी मॅच मात्र सवड काढून पूर्ण बघा, रेकॉर्डिंग सहज मिळतं. आठव्या इनिंगमध्ये कब्स ६-३ ने पुढे, चार आउट बाकी. तिथून आधी एक रन गेला, मग क्लीव्हलंडच्या राजाय डेव्हिसने कब्सच्या अ‍ॅरोल्डिस चॅपमनला दोन रनांचा होमरन (आपल्या षटकारासारखा, चेंडू थेट कुंपणापार) मारला आणि ६-६ झालं. नवव्या इनिंगमध्ये कुणाचाच रन नाही. मग पाऊस. १७ मिनिटं खेळ थांबला. वर्षभर बॅट न चाललेल्या कब्सच्या जेसन हेवर्डने तेवढ्या वेळात सगळ्यांना व्यायामाच्या खोलीत गोळा केलं आणि धीर दिला. दहाव्या इनिंगमध्ये बेन झोब्रिस्टचा डबल (दुसऱ्या बेसपर्यंत पोचवणारा फटका), मिगेल माँटेरोचा सिंगल (पहिल्या बेसपर्यंतचा), कब्स ८-६. क्लीव्हलंडने त्यातूनही एक रन काढला. शेवटचा चेंडू हळू घरंगळत आला, क्रिस ब्रायंटने तो उचलला. ओल्या गवतावर त्याचा पाय घसरतोय आणि फेकायच्या आधीच तो हसतोय. तो क्षण थांबवून बघा. अँथनी रिझोने चेंडू झेलला आणि सरळ मागच्या खिशात घातला.

शिकागोत रात्रीचे पावणेबारा वाजले होते. त्या दिवसांत रिगलीच्या बाहेर वेव्हलंड आणि शेफील्डच्या बाजूच्या विटांच्या भिंतींवर लोक खडूने नावं लिहीत होते. बहुतेक नावं गेलेल्या माणसांची: आई, बाबा, आजोबा, ज्यांना हा दिवस बघायला मिळाला नाही त्यांची. हात पुरेल तिथवर भिंत भरली होती. नावं एकमेकांवर चढली होती, खाली जागा उरली नाही तेव्हा लोक दुसऱ्यांच्या खांद्यावर बसून लिहीत होते. या लोकांसाठी बेसबॉल म्हणजे काय, ते मला त्या भिंतीपाशी उभं राहून कळलं. म्हणून कुणी २०१६ चं सांगायला लागलं, की ‘तेव्हा तुम्ही कुणाबरोबर बघत होता?’ एवढं विचारा. समोरचा माणूस आपल्या घरच्यांबद्दल बोलायला लागेल.

खेळ समजायला क्रिकेटवाल्यांना फारसा वेळ लागत नाही. नऊ इनिंग, प्रत्येक वेळी तीन आउट, बरोबरी झाली तर पुढे खेळत राहायचं. चार बॉल (चुकीचे टाकलेले चेंडू) झाले तर बॅटवाला फुकट पहिल्या बेसवर, तीन स्ट्राइक झाले तर आउट; या मोजणीकडे लक्ष ठेवा, सगळी चुरस तिथे असते. एका मोसमात प्रत्येक संघाच्या १६२ मॅचेस, त्यामुळे जून-जुलैत एखादी हार कुणी मनाला लावून घेत नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये मात्र आधी चारदा जिंकेल तो राजा.

रिगलीवर एकदा तरी जा. नेपरव्हिलकडून येणार असाल तर मेट्राने युनियन स्टेशन, तिथून चालत लूपमध्ये, मग हॉवर्डकडे जाणारी रेड लाइन पकडून अ‍ॅडिसनला उतरा. गाडी नेऊ नका, पार्किंगचे पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतील. एप्रिलमध्ये तळ्यावरचा वारा हाडात शिरतो, जाड जाकीट हवंच. सातव्या इनिंगच्या मध्ये सगळे उभे राहून गातात, तुम्हीही उभे राहा. प्रतिस्पर्ध्याच्या होमरनचा चेंडू तुमच्या हाती आला तर मैदानात परत फेकायची इथली पद्धत आहे. मुलांना वाईट वाटेल, आधीच सांगून ठेवा. जिंकल्यावर स्कोअरबोर्डवर डब्ल्यूचा पांढरा झेंडा चढतो, तो बघूनच निघा.

आणि ऑफिसात कुणी क्लीव्हलंडचं असेल तर जपून बोला. सगळ्यात लांबलेली वाट आता त्यांची आहे. १९९७ मध्येही ते सातव्या मॅचमध्ये विजयापासून दोन आउटवर असताना बरोबरी झाली आणि अकराव्या इनिंगमध्ये हरले. २०२२ पासून संघाचं नाव गार्डियन्स झालंय, पण जुन्या लोकांच्या तोंडी ‘इंडियन्स’ हे जुनंच नाव येतं, त्यावर लगेच वाद घालू नका. कब्स बाहेर पडले आणि क्लीव्हलंड अजून खेळत असेल, तर आमच्या घरात सगळे क्लीव्हलंडच्या बाजूने असतात. तुम्हीही यायला हरकत नाही, चहा आणि चिवडा असतोच.