पाणी चढतंय? गोठ्याकडे आधी बघा

नदी पात्राबाहेर आली की पाणी टेकलंय तिथे एक काठी रोवा. चुन्याची खूण धुऊन जाते, म्हणून कोयत्याने वीतभर अंतरावर खाचा पाडा. दर अर्ध्या तासाने लांबूनच बॅटरी मारून बघा, कारण काठ आतून पोखरलेला असतो. पाणी किती आहे यापेक्षा किती वेगाने चढतंय, हे महत्त्वाचं. दोन खाचा भराभर बुडाल्या तर उजाडायची वाट बघू नका, निघा.

जनावरं दिवसाउजेडीच उंचावर न्या. ते जमलं नाही तर निघताना दावी नक्की सोडा. गाई-म्हशी पोहून जीव वाचवतात. बांधलेलं मुकं जनावर मात्र खुंट्यालाच बुडतं. फार वाईट वाटतं ते बघून. भिजलेल्या दोराची गाठ ताणाने इतकी आवळते की बोटांनी सुटत नाही. म्हणून पावसाळाभर एका ओढीत सुटेल अशीच गाठ मारा आणि कोयता गोठ्याच्या दारातच, हाताला लागेल असा टांगून ठेवा.

जनावर वाहून जाताना दिसलं तरी मागे पाण्यात उतरू नका. जोराच्या ओढीला 15 सेंटीमीटर पाणीसुद्धा धडधाकट माणसाला पाडतं.