खिशाला परवडणारा टाइट एंड कसा शोधावा

2021 च्या मार्चमध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाने टाइट एंड (अडवणं आणि झेलणं, दोन्ही करणारा गडी) जॉनू स्मिथशी चार वर्षांचा, 5 कोटी डॉलरचा करार केला. पहिल्या मोसमात त्याने 28 चेंडू झेलले. तीन वर्षांनी मायामी डॉल्फिन्सनी त्यालाच दोन वर्षांसाठी सुमारे 84 लाख डॉलरला घेतलं, आणि 2024 च्या मोसमात त्याच्या नावावर 88 झेल, 884 यार्ड आणि 8 टचडाउन (प्रत्येकी सहा गुणांची कमाई) लागले. खेळाडू तोच, फरक पडला तो त्याला दिलेल्या कामात. अमेरिकन फुटबॉलमध्ये स्वस्त टाइट एंड शोधायचा, तर मला वाटतं सुरुवात या एका उदाहरणावरून करावी.

हा लेख एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, आवडीने पाहणाऱ्यांसाठी आहे. अमेरिकेत मैदानावर जाऊन बसणारे असोत, की भारतात रविवारी रात्री साडेदहाला सामना लावून जागणारे असोत. मार्च आला, खेळाडूंची भरती सुरू झाली, की आपल्या संघाने कुणाला घ्यावं यावर सगळेच बोलतात. ते बोलणं नीट हिशेबाने कसं करायचं, ते इथे सांगतो.

टाइट एंड म्हणजे क्रिकेटमधला यष्टिरक्षक-फलंदाज. एकाच माणसाने दोन कामं करायची. आक्रमक रांगेच्या टोकाला उभं राहून समोरचा सव्वाशे किलोचा गडी अडवायचा, आणि पुढच्याच खेळीत पळत जाऊन पास झेलायचा. दोन्ही कामं उत्तम करणारा फार महाग पडतो, म्हणून आपल्याला कुठलं काम हवंय ते आधी ठरवा. संघ धावण्यावर भर देणारा असेल, दोन-दोन टाइट एंड एकत्र उतरवत असेल, तर अडवणारा हवा. क्वार्टरबॅक (पास फेकणारा) तरुण असेल, घाईत जवळचा पास शोधत असेल, तर पाच-सहा यार्डांवर वळून हमखास झेलणारा हवा. तिसऱ्या क्रमांकाचा हवा असेल, तर तो पंट आणि किकऑफच्या वेळी (चेंडू लाथेने प्रतिस्पर्ध्याकडे मारला जातो तेव्हा) धावून चेंडू धरणाऱ्याला पाडू शकतो का, हाच मुख्य प्रश्न.

मग पैशांकडे या. 2025 मध्ये प्रत्येक संघाची सॅलरी कॅप (पगारावरची खर्चमर्यादा) 27 कोटी 92 लाख डॉलर होती. आकडा डोळे दिपवतो, पण त्यात 53 जणांचा संघ बसवायचा असतो आणि क्वार्टरबॅक, त्याचं रक्षण करणारे टॅकल आणि प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकवर धावून जाणारे पास रशर मोठे घास घेऊन जातात. एक नियम मात्र स्वस्त खेळाडू शोधणाऱ्याने पाठ करून ठेवावा. अनुभवी खेळाडू एका वर्षासाठी किमान पगारावर आला, तर हिशेबात त्याचा पूर्ण पगार धरत नाहीत, दोन मोसम खेळलेल्याचा किमान पगार धरतात. 2025 मध्ये सात किंवा अधिक मोसम खेळलेल्याला किमान 12 लाख 55 हजार डॉलर मिळायचे, कॅपमध्ये त्यातले 10 लाख 30 हजारच मोजले जायचे. जुन्या खेळाडूंना वयामुळे डावललं जाऊ नये म्हणून ही सोय आहे.

आता शोध. फ्री एजंटांच्या, म्हणजे करार नसलेल्या खेळाडूंच्या, यादीत वरून खाली नावं वाचत जाऊ नका. वरची नावं पहिल्या दोन दिवसांत संपतात, तीही चढ्या भावाने. मी तीन ठिकाणी आधी बघतो.

पहिलं, संघाने स्वतः मोकळे केलेले खेळाडू. अशा खेळाडूला घेतलं तर भरपाईच्या ड्राफ्ट निवडींच्या (गमावलेल्या खेळाडूंच्या बदल्यात नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत मिळणाऱ्या जादा संधी) गणितात तो सहसा धरला जात नाही, म्हणजे तुमचं नुकसान होत नाही. करार संपून मोकळा झालेला महागडा खेळाडू घेतलात, तर तुम्हाला मिळू शकणारी निवड हातची जाऊ शकते. मायामीने घेतला तेव्हा स्मिथला अटलांटाने मोकळंच केलं होतं.

दुसरं, तुमच्या आक्रमणाच्या प्रशिक्षकाकडे पूर्वी खेळलेले. झॅक अर्ट्झ 2024 मध्ये 33 वर्षांचा होता. गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून गेलेला. वॉशिंग्टनने त्याला एका वर्षाच्या, जास्तीत जास्त 50 लाख डॉलरपर्यंत जाणाऱ्या करारावर घेतलं. तिथले आक्रमणाचे सूत्रधार क्लिफ किंग्सबरी, ज्यांच्या हाताखाली तो ॲरिझोनात खेळला होता. नवख्या क्वार्टरबॅकला खेळी तोंडपाठ असलेला माणूस मिळाला आणि अर्ट्झने 66 झेल, 7 टचडाउन दिले.

तिसरं, संधीच न मिळालेले. लोगन थॉमस 2014 मध्ये क्वार्टरबॅक म्हणून ड्राफ्ट झाला, नंतर टाइट एंड बनला. बरीच वर्षं संघ बदलत फिरला आणि 2020 मध्ये वॉशिंग्टनकडे 72 झेल घेऊन गेला. टाइट एंड उशिरा पिकतो. अडवण्याचं तंत्र आणि पास झेलण्याचे मार्ग, दोन्ही शिकायला वेळ लागतो. म्हणून या जागेवर सत्ताविशीतला, आकडे कमी असलेला खेळाडू मला चोविशीतल्या नावाजलेल्यापेक्षा जास्त बघावासा वाटतो.

नावं चार-पाच उरली की सामने बघायला बसा. झटपट झलक दाखवणाऱ्या चित्रफिती बाजूला ठेवा, मैदानावरचे सगळे 22 खेळाडू दिसतात ते चित्रीकरण घ्या. चेंडू त्याच्याकडे जात नाही त्या खेळी बघा. सामन्यात चार-पाच पास येतात, बाकी पन्नास वेळा तो काय करतो? एक धावेची खेळी थांबवून थांबवून पाहा. चेंडू सुटला, पहिलं पाऊल कुठे पडलं? मागे पडलं तर समोरचा आत घुसणारच. हात प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर, खांद्यांच्या आत बसले का? बाहेरून मिठी मारली, तर पंचांचा पिवळा रुमाल (दंडाची खूण) पडतो आणि 10 यार्ड जातात. आणि धडक झाल्यावर पाय चालू राहिले का? माझं लक्ष सर्वांत जास्त इथेच असतं. चांगला गडी धडकेनंतरही छोटी-छोटी पावलं टाकत राहतो. पाय रोवून उभा राहणारा दीड सेकंदात बाजूला फेकला जातो. पासच्या वेळी तिसऱ्या डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) पाच यार्ड हवे असताना तो सहा यार्ड जाऊन वळतो की साडेचारवर, तेही मोजा.

पसंत पडला की करार. बोनस आज द्या, कॅपमधला त्याचा हिशेब करारातल्या वर्षांवर वाटला जातो. दोन वर्षांच्या करारात 30 लाखांचा बोनस दरवर्षी 15 लाख म्हणून मोजतात. पण पहिल्या वर्षानंतर त्याला काढलं तर उरलेले 15 लाख डोक्यावर बसतातच. म्हणून स्वस्त शोधात बोनस लहान ठेवा. दुखापतींचा इतिहास असेल तर पैसे सामन्यागणिक बांधा: 17 सामने, उतरला तर मिळतील. गेल्या वर्षी 30 झेल घेणाऱ्याला 50 झेलांवर बक्षीस लावलं, तर ती रक्कम चालू वर्षाच्या कॅपमध्ये आधी धरली जात नाही. खेळाडूलाही कमावण्याची वाट राहते. वैद्यकीय तपासणीशिवाय सही नको, हे वेगळं सांगायला नको.

घाई नसेल तर थांबा. ड्राफ्टनंतरच्या सोमवारपासून भरपाईच्या निवडींचं गणित बंद होतं, भाव उतरतात. चार वर्षं पूर्ण केलेला खेळाडू पहिल्या सामन्याच्या दिवशी संघात असेल, तर त्याचा मोसमभराचा पगार पक्का धरावा लागतो. म्हणून काही संघ पहिला आठवडा उलटल्यावर फोन फिरवतात.

मोसम सुरू झाल्यावर दुसऱ्यांच्या सराव-पथकांवर (53 जणांबाहेरच्या, सरावापुरत्या खेळाडूंवर) नजर ठेवा. तिथला खेळाडू उचलता येतो, फक्त त्याला आपल्या 53 जणांत जागा द्यावी लागते. नोव्हेंबर 2018 मध्ये ओकलंड रेडर्स बाल्टिमोरला खेळायला गेले होते. सामन्याआधी यजमानांच्या सराव-पथकातला डॅरन वॉलर अंग मोकळं करत होता, आणि रेडर्सच्या लोकांची नजर त्याच्यावर गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला करारबद्ध केलं. 2019 मध्ये त्याने 90 झेल घेतले, 2020 मध्ये 107.