डायपरला ओलावा-सेन्सर लावताय? या चुका टाळा

वयस्कर माणसांच्या डायपरमधली ओल ओळखणारा सेन्सर हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा आवडता प्रोजेक्ट झालाय. विषय चांगला आहे. पण दर वर्षी येणाऱ्या गटांमध्ये त्याच त्या चुका दिसतात, आणि त्याचा त्रास अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या कातडीला होतो. म्हणून हे लिहितोय.

नळाच्या पाण्यावर चाचणी

ही सगळ्यात मोठी चूक. टेबलावर डायपर पसरायचा, त्यावर पेलाभर नळाचं पाणी ओतायचं, बझर वाजला की प्रोजेक्ट झाला!

लघवीत मीठ असतं, त्यामुळे ती नळाच्या पाण्यापेक्षा कित्येक पट चांगली वीज वाहून नेते. घामातही मीठ असतं. बझर कुठल्या रीडिंगला वाजावा ही मर्यादा नळाच्या पाण्यावर ठरवलीत तर ती इतकी हळवी होते की नुसत्या घामानेही बझर वाजतो. शिवाय डायपरमधले शोषक दाणे, म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, शुद्ध पाण्यात स्वतःच्या वजनाच्या ३०० पट किंवा त्याहूनही जास्त फुगतात. मिठाच्या पाण्यात मात्र जेमतेम ३० ते ५० पट. म्हणजे ओल किती आणि कुठवर पसरते, याचाही अंदाज चुकतो.

एका गटाने असाच सेन्सर एका वृद्धाश्रमातल्या आजोबांना लावला. कॉलेजातल्या डेमोत तो उत्तम चालला होता. एप्रिलचा उकाडा, पाठीखाली मेणकापड. रात्री बझर वाजायचा, रात्रपाळीच्या मावशी उठून चिकटपट्ट्या सोडून बघायच्या, आत कोरडं. पुन्हा बांधायच्या, पुन्हा बझर. आजोबांचीही झोप उडाली. शेवटी मावशींनी सेल काढून खिडकीत ठेवला. सकाळी चादर भिजलेली होती आणि आजोबांच्या जांघेत लालभडक चट्टा उठला होता. मुलं म्हणाली, ‘सर, मावशींनी सेन्सरच बंद केला.’ मावशींचं काहीही चुकलं नव्हतं. खोटा गजर देणाऱ्या यंत्रावर रात्री एकटीने दहा-बारा पेशंट सांभाळणाऱ्या बाईने विश्वास का ठेवावा?

माझी पद्धत साधी आहे. लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवायचं, ते अंगाइतकं, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास कोमट करायचं. डायपरवर शेकायची रबरी पिशवी कोमट पाण्याने भरून ठेवायची आणि तिच्याखाली नळीने २०० ते ३०० मिली मिठाचं पाणी हळूहळू सोडायचं. पिशवीमुळे वजनही येतं आणि अंगासारखी पाण्याने भरलेली वस्तूही जवळ येते. बाहेरून लावायच्या कपॅसिटिव्ह सेन्सरसाठी, म्हणजे ओलीला न टेकता जवळच्या पाण्याची चाहूल घेणाऱ्या सेन्सरसाठी, हे फारच महत्त्वाचं आहे, कारण माणूस कुशीवर वळला तरी त्याचं रीडिंग उडी मारतं.

मर्यादाही एकच ठोक आकडा लिहून ठरवू नका. डायपर बांधल्यावर कोरडं रीडिंग नोंदवा, त्यापासूनचा फरक मोजा, आणि तो फरक निदान अर्धा मिनिट टिकला तरच गजर द्या. हे प्रोग्रॅममधलं चार ओळींचं काम आहे, पण अ‍ॅपचा रंग निवडण्यात रमलेल्या मुलांना त्याला वेळ नसतो.

इलेक्ट्रोडना सतत डीसी

कॉपर टेपच्या दोन पट्ट्या हे इलेक्ट्रोड, एकीला कायम ३.३ व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज), दुसरी ग्राउंडला, वाचन चालू. पहिली लघवी बरोबर पकडली जाते. मग खाऱ्या ओलीत विद्युत-अपघटन सुरू होतं, धन बाजूची पट्टी झिजते, हिरवट-निळा थर चढतो आणि रीडिंग हळूहळू वाट्टेल तिकडे सरकतं. तो थर कातडीलाही बरा नाही. दोन्ही पट्ट्या कंट्रोलरच्या, म्हणजे सेन्सर चालवणाऱ्या चिपच्या, पिनांना जोडा, एकदा इकडून आणि एकदा तिकडून काही मिलिसेकंदांपुरता व्होल्टेज द्या, वाचा आणि मधल्या वेळात दोन्ही बंद ठेवा. दहा सेकंदांतून एकदा वाचलं तरी पुष्कळ झालं. मी तांबं वापरतच नाही. स्टेनलेस स्टीलचा वाहक धागा घेतो आणि तो थेट अंगाला लागू देत नाही.

बाकीच्या चुका

डीएचटी ११ हा हवेतली आर्द्रता मोजणारा सेन्सर नेमका या कामाला घेऊ नका. २० ते ९० टक्के आर्द्रता ही त्याची झेप, आणि पावसाळ्यात कोकणातली हवाच ९० च्या घरात जाते.

सगळ्यांना एकाच जागी सेन्सर चालत नाही. पुरुषांमध्ये ओल पुढे लागते, बायकांमध्ये मध्यभागी, आणि पेशंट उताणा असेल तर मागे वाहते.

अंगाला लावलेलं खोबरेल किंवा व्हॅसलीन इलेक्ट्रोडवर चढलं की संपर्क तुटतो. सेन्सर बसवण्याआधी घरच्यांना विचारा.

बटण सेल हाताला लागेल असा ठेवू नका. स्मृतिभ्रंश झालेली माणसं डायपर उचकटतात, वस्तू तोंडात घालतात, आणि गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो. खोक्याला स्क्रू हवाच.

सेन्सर गप्प आहे म्हणजे सगळं स्वच्छ आहे, असं समजू नका. घट्ट शी झाली तर तो बहुधा गप्पच राहील. लघवी आणि शी एकत्र राहिली की कातडी फार लवकर सोलवटते, त्यामुळे ठरलेल्या वेळी उघडून बघणं सुटत नाही.

आणि गजर कुठे वाजतो? मुलं मोठ्या कौतुकाने दाखवतात, ‘मुलाच्या फोनवर नोटिफिकेशन जातं.’ मुलगा बंगळुरूला, आई साताऱ्यात. त्याने काय करायचं? १९०४ मध्ये फॉन फाउंडलर या बालरोगतज्ज्ञाने वॉर्डातल्या मुलांच्या अंथरुणात ओल लागली की वाजणारी घंटा बसवली होती, ती परिचारिकांना कळावं म्हणून. जो डायपर बदलणार, त्याच्याच कानाशी किंवा कमरेला बझर द्या, तोही खोलीतल्या इतरांना न ऐकवता थरथरणारा. फोनवर पाठवायचीच असेल तर वेळेची नोंद पाठवा. आठवडाभराच्या नोंदीवरून लघवीची वेळ लक्षात येते आणि ज्यांना उठवता येतं त्यांना त्याआधी संडासात नेता येतं.