चमक कुणाची? धातू-कॉम्प्लेक्सच्या प्रकाशावर काम सुरू करणाऱ्यांसाठी

"सर, चमकणाऱ्या कॉम्प्लेक्सवर पीएच.डी. करायचीय," असं म्हणत सोलापुरातली एम.एस्सी. झालेली मुलं भेटतात, तेव्हा मी उलट विचारतो: चमकलं तर चमकलं, पण ती चमक कॉम्प्लेक्सचीच, म्हणजे धातूभोवती रेणू बांधून झालेल्या संयुगाचीच आहे हे कशावरून? बहुतेकांनी यावर विचार केलेला नसतो. पुढची तीन-चार वर्षं मात्र याच प्रश्नात जातात.

या क्षेत्राचं अंकगणित रुथेनियम ट्रिस-बायपिरिडीनवर, म्हणजे रुथेनियमभोवती तीन बायपिरिडीन रेणू असलेल्या कॉम्प्लेक्सवर शिकावं. नायट्रोजनच्या सहा हातांनी धरलेला रुथेनियम 452 नॅनोमीटरच्या आसपास निळा प्रकाश शोषतो, धातूचा इलेक्ट्रॉन लिगँडवर (धातूला धरणाऱ्या रेणूवर) जातो, स्पिन पाहता पाहता बदलतो आणि 610-620च्या पट्ट्यात नारिंगी-लाल उजेड बाहेर पडतो. आता लोखंड घ्या. आवर्तसारणीत त्याच गटात, लिगँडही तोच, रंग तर आणखी गडद लाल. तरी यूव्ही दिव्याखाली ठार अंधार. लोखंडाच्या d-d पातळ्या (धातूच्या स्वतःच्या d इलेक्ट्रॉनांच्या उत्तेजित ऊर्जापातळ्या) खाली असतात, त्यामुळे ऊर्जा तिकडे घसरते आणि उष्णता होऊन संपते. हे का घडतं ते स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की निम्मा विषय कळला म्हणा. नेट-सेटच्या अभ्यासातल्या, याच d-d पातळ्यांची ऊर्जा दाखवणाऱ्या तानाबे-सुगानो आकृत्या इथे कामी येतात, म्हणून तो अभ्यास मध्येच सोडू नका.

आता मूळ प्रश्नाकडे. फ्लुरोमीटरवर, म्हणजे नमुन्यातून निघणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर दिसणारं प्रत्येक शिखर तुमचं नसतं. पाण्याला 350 नॅनोमीटरवर उत्तेजित केलं तर 397च्या आसपास एक छोटं शिखर येतं. ते पाण्याचं रामन विकिरण, म्हणजे पाण्याच्या रेणूंनी थोडी ऊर्जा ठेवून घेऊन विखुरलेला दिव्याचाच प्रकाश. 700वर टोकदार काही दिसलं तर तो दिव्याच्याच प्रकाशाचा, यंत्रात दुप्पट तरंगलांबीवर दिसणारा दुसरा क्रम. उत्तेजनाची तरंगलांबी दहा-वीसने सरकवा. शिखर सोबत सरकलं तर ते तुमचं नाही. फिनँथ्रोलिन, बायपिरिडीनसारखे मोकळे लिगँड स्वतःही निळसर-जांभळ्या बाजूला प्रकाश देतात आणि नीट न धुतलेल्या नमुन्यात चिमूटभर उरले तरी गोंधळ घालतात. म्हणून एक्सायटेशन स्पेक्ट्रम (कोणत्या तरंगलांबीने उत्तेजित केल्यावर किती प्रकाश मिळतो त्याचा आलेख) घ्याच. तो शोषणाच्या स्पेक्ट्रमशी जुळला नाही, तर नमुना पुन्हा शुद्ध करा, पेपर नंतर लिहा. शोषण 0.1च्या आत ठेवा आणि नुसत्या द्रावकाचा स्पेक्ट्रम त्याच दिवशी, त्याच स्लिटवर (प्रकाशाच्या फटीच्या त्याच रुंदीवर) काढा. हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण परीक्षकाचा पहिला प्रश्न इथूनच येतो.

दुसरा चोर म्हणजे ऑक्सिजन. ॲसिटोनायट्राइलमध्ये याच रुथेनियमच्या उत्तेजित अवस्थेचा आयुष्यकाल ऑक्सिजन काढल्यावर 800-900 नॅनोसेकंदांच्या घरात असतो. हवेत तो दोनशेच्याही खाली येतो. सेप्टम (रबरी बूच) लावलेल्या क्युव्हेटमध्ये (नमुना ठेवायच्या चौकोनी नळीत) सुईने नायट्रोजन सोडा आणि अंधारात दिव्याखाली धरून पाहा. उजेड डोळ्यांदेखत वाढतो. पण कोरडा नायट्रोजन जाताना द्रावकही घेऊन जातो आणि सांद्रता वाढते. म्हणून नायट्रोजन आधी त्याच द्रावकाच्या बाटलीतून फिरवून आणायचा. ही गोष्ट पेपरात सहसा कुणी लिहीत नाही.

तिसरी भानगड आपल्या हवेची. तापमान चढलं की रुथेनियमच्याही त्या वरच्या d-d पातळ्या हाताशी येतात आणि प्रकाश मंदावतो. डिसेंबरातली रीडिंगं आणि एप्रिल-मेच्या दुपारची, एसी बंद असतानाची रीडिंगं एका तक्त्यात बसवू नका. क्युव्हेटच्या होल्डरला पाण्याचा सर्क्युलेटर जोडून 25 अंशांवर ठेवा. तो नसेल तर निदान वहीत तापमान तरी लिहा.

धातू कोणता घ्यावा? इरिडियम, रुथेनियम महाग. जस्त स्वस्त आहे, पण त्याचे d इलेक्ट्रॉन भरलेले, त्यामुळे प्रकाश बहुधा लिगँडचाच असतो. त्यातही काम होतं, फक्त त्याला धातूचा प्रकाश म्हणू नका. माझं मत तांब्याला, म्हणजे कॉपर-एकला (+1 भार असलेल्या तांब्याला). उत्तेजित होताच त्याचा चतुष्फलक चपटा व्हायला बघतो आणि द्रावकाला आत शिरायला वाव मिळतो. फिनँथ्रोलिनच्या 2 आणि 9 या जागी मिथाइल गट बसवले की चपटं होणं अडतं. मिथेनॉल, ॲसिटोनायट्राइल टाळा, डायक्लोरोमिथेन वापरा. मोठा फॉस्फिन (फॉस्फरसने धातूला धरणारा लिगँड) जोडीला घेतला तर भुकटीसुद्धा छान उजळते, आणि तेवढं पाहायला 365चा हातदिवा पुरतो.

आयुष्यकाल मोजायला टीसीएसपीसी (एकेक फोटॉन मोजून वेळ काढणारं यंत्र) लागतं. ते जवळपास नसेल तर कोल्हापूरला किंवा मुंबईला चौकशी करून नमुने पाठवायची तयारी ठेवा. तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून नमुना स्थिर आहे का ते आधी इथेच तपासा: आठवडाभर ठेवून शोषण पुन्हा घ्या. कॉपर-एक हवेत हळूच हिरवा-निळा पडला तर तिथे पोचेपर्यंत मोजायला काही उरत नाही.

नोकरीचं म्हणाल, तर "चमकणारं कॉम्प्लेक्स" या नावाची जागा कुठे निघत नाही. पण पॅथॉलॉजी लॅबमधल्या काही यंत्रांत थायरॉइडची टीएसएच चाचणी याच रुथेनियम-बायपिरिडीनच्या उजेडावर चालते, फक्त तिथे दिव्याऐवजी इलेक्ट्रोड त्याला उत्तेजित करतो. 2008पासून सेंद्रिय संश्लेषणात फोटोरेडॉक्सने, म्हणजे प्रकाशाने इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण घडवून अभिक्रिया चालवण्याने जोर धरला तोही याच कॉम्प्लेक्समुळे, आणि औषध कंपन्यांच्या संशोधन विभागांत निळ्या एलईडीखाली अभिक्रिया चालवल्या जातात. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या औषधी रसायनांच्या कारखान्यांत आज गरज आहे ती एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आणि यूव्ही (प्रकाश-शोषण मोजणारं यंत्र) नीट येणाऱ्यांची. पीएच.डी. करतानाच ही दोन्ही यंत्रं स्वतः चालवा, ऑपरेटरच्या भरवशावर राहू नका.